ज्याचा त्याचा कोबी

ज्या वर्षी पार्सलकाका नोकरीतून सुटले आणि त्याच महिन्यात त्यांच्या सुनेला बढती मिळून ती उजाडताच घराबाहेर पडायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात एक माणूस रिकामं झालं आणि दुसऱ्याला मान वर करायची फुरसत उरली नाही. मग व्हायचं तेच झालं. चार वर्षांची नात काकांच्या गळ्यात पडली.

नातीला घरात मुंगी म्हणत, कारण ती मुंगीएवढंच खायची. भाताचं एक शीत उचलायचं, ते गालात ठेवायचं आणि घरभर हिंडायचं. बऱ्याच वेळाने तोंड उघडून पाहावं तर शीत जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणाले, "तब्येत उत्तम आहे, फक्त वजन नाही." त्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे दुकान उत्तम आहे, फक्त माल नाही." सुनेने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, पण जरा गंभीर तोंड करून. त्यामुळे सगळ्यांना घोर लागला.

काकांची सगळी नोकरी पार्सल कचेरीत गेली. आलेल्या पार्सलवर लेबल बांधायचं, ते नीट आहे की नाही ते बघायचं आणि पार्सल पुढे धाडायचं, हे त्यांचं काम. लेबलाशिवायची वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू, असं ते मानत. घरातसुद्धा डब्यांना लेबलं, किल्ल्यांना लेबलं, छत्रीच्या दांड्याला लेबल. लग्न होऊन घरात आले त्याच आठवड्यात माझ्या पदराला लेबल बांधलं होतं, असं काकू सांगत; पण काकूंचं सगळंच खरं धरायचं नसतं.

गल्लीच्या टोकाला बालवर्ग होता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पूर्वी तिथे शिवणाचा क्लास चालायचा, म्हणून भिंतीवर मापाची पट्टी रंगवलेली होती आणि तिच्याच आधाराने आता मुलांची उंची मोजत. एके दिवशी बालवर्गाच्या बाईंनी मुलांना विचारलं, "भात कुठून येतो?"

कुणी म्हणालं, कुकरमधून. कुणी म्हणालं, दुकानातून. मुंगी उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "पार्सलने येतो. आजोबा पाठवतात."

"आणि भाजी?"

"तीपण आजोबाच पाठवतात."

दूध, अंडी, केळी, सगळं आजोबा पाठवतात. वर्गाला हे पटलं, कारण मुंगीचा आवाज खणखणीत होता आणि दुसऱ्या कुणाकडे याहून बरं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी काका नातीला सोडायला गेले तर दारात मुलांचा घोळका. एकाने त्यांचा हात धरून सांगितलं, "आजोबा, वांगी पाठवू नका. मला आवडत नाहीत."

खरं सांगायचं तर काकांना बरं वाटलं. नोकरी सुटल्यापासून त्यांच्याकडे कुणी तक्रारसुद्धा घेऊन आलं नव्हतं. पण बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, हा घोटाळा तुमच्या नावावर जमा आहे. तो तुम्हीच निस्तरा. मुलांना एकदा खरं शेत दाखवायला हवं."

"त्यात काय मोठंसं? माझ्या थोरल्या बहिणीचं शेतच आहे," काका म्हणाले. हे वाक्य तोंडातून गेलं आणि पुढचा सगळा हिवाळा त्यांच्या हातून गेला.

थोरली बहीण म्हणजे ताई. शेवटच्या बसथांब्याच्या पुढे थोडं चालून गेलं की तिचा भाजीचा मळा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं परगावी, सोबतीला एक कोंबडी. ताई बोलायची कमी, आणि बोलली की समोरचा कमी बोलायला लागायचा. काका भीतभीतच गेले. ताई वाफ्यात पाणी सोडत होती.

"किती पोरं?" तिने विचारलं.

"एक वर्ग."

"वर्ग म्हणजे किती पाय?"

काकांनी पाय सांगितले. ताईने पाण्याकडे पाहिलं, मळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुडवतील सगळं."

"ताई, एकदाच येतील. बघतील, जातील."

"एकदा बघून काय कळणार? लग्नात जेवणाऱ्याला स्वयंपाक कळतो का? आणायची तर रोप लावायला आण, नंतर पाणी घालायला आण, आणि कापायला आण. नाहीतर आणूच नकोस." मग जरा थांबून म्हणाली, "लहानपणापासून माझ्याकडे काही मागितलं नाहीस. आता मागितलंस तर तेही पोरं सोडायला मळा मागतोस."

त्याला होकार म्हणतात हे काकांना बसमध्ये बसल्यावर कळलं.

बातमी गल्लीत पसरली तशी सल्ल्यांची रांग लागली. शेजारचे विमावाले, ज्यांचा नातू त्याच वर्गात होता, जिन्यातच आडवे आले. "काका, मुलं, माती, पाणी आणि कोंबडी. यातलं एकही पॉलिसीत बसत नाही." जुळ्यांच्या वडिलांनी विचारलं, तिथली माती तपासलेली आहे का? दंतवैद्यबाईंची मुलगीही वर्गात होती. त्यांचा शेताला विरोध नव्हता. फक्त तिकडे कुणी मुलांना गूळबिळ देणार नाही ना, एवढंच लेखी हवं होतं. काकू म्हणाल्या, "लेखी द्या, सही करा आणि वर लेबल बांधा."

पण खरा घाट पुढेच होता. इतक्या लहान मुलांना गावाबाहेर न्यायचं तर शिशुवर्ग कचेरीची परवानगी लागते, असं बाई म्हणाल्या. काका हसले. कचेरी म्हणजे त्यांचं माहेर. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ते गेले.

खिडकीआड एक तरुण साहेब बाटलीतून घोट घोट पाणी पीत बसला होता. पाणी संपेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही.

"प्रकार काय? सहल, स्पर्धा की स्थलांतर?"

"शेताला भेट."

"भेट हा प्रकार नाही."

"मग सहल लिहा."

"सहलीला प्रेक्षणीय स्थळ लागतं. काय आहे तिथे?"

"कोबी."

"कोबी प्रेक्षणीय आहे असं पत्र आणा."

"कुणाचं?"

"ते पत्र देणाऱ्याने ठरवायचं." साहेबाने पान उलटलं. "प्राणी आहेत?"

"एक कोंबडी आहे."

"बांधलेली की मोकळी?"

"पाळलेली आहे, पण मोकळी हिंडते."

"दोन्ही चालणार नाही. एक काहीतरी ठरवून या."

'ठरवून या' हे दोन शब्द काकांनी आयुष्यभर खिडकीच्या आतून लोकांना ऐकवले होते. बाहेरून ते वेगळेच ऐकू येतात. काका घरी आले आणि झोपाळ्यावर बसले. काकूंनी चहा दिला तर म्हणाले, "काय माणसं असतात कचेरीत!" काकूंनी हसू आवरायला पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

पुढे काका इतके खेटे घालत राहिले की साहेबालाच त्यांची सवय झाली. काका आले नाहीत त्या दिवशी तो शिपायाला विचारायचा, कोंबडीवाले आजोबा आले नाहीत का? शेवटी एकदाचा शिक्का बसला. कोबी 'शैक्षणिक वस्तू' ठरला, कोंबडी 'स्थानिक रहिवासी' ठरली, आणि कापणीच्या दिवशी साहेब जातीने पाहणीला येणार असं ठरलं.

पहिल्या फेरीला मुलं गेली तेव्हा ताईने रोपं काढून ठेवलीच होती. प्रत्येकाला एक रोप. बोटाने भोक पाडायचं, रोप ठेवायचं, माती दाबायची. एका मुलाने चपलेसकट पाय पेरला. दंतवैद्यबाईंची लेक चिखलात बसली आणि उठायला तयार होईना. विमावाल्यांच्या नातवाचा खाऊ कोंबडीने खाल्ला, तेव्हा तो रडला नाही, म्हणाला, "तिला भूक लागली होती." विमावाल्यांनी हे ऐकलं असतं तर त्यांना आपल्या धंद्याची काळजी वाटली असती.

आणि इथे काकांनी ती गोष्ट केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ताईने नाही, बाईंनी नाही. पण एकाच मापाची, एकाच रंगाची इतकी रोपं ओळीने उभी आहेत आणि एकावरही नाव नाही, हे त्यांना बघवेना. उद्या मुलांची भांडणं झाली तर? त्यांनी पिशवीतून कचेरीतली जुनी कोरी लेबलं काढली. जाड कागदाची, भोकाला पत्र्याची कडी असलेली. प्रत्येक रोपाशेजारी एक काडी रोवली आणि तिला मुलाच्या नावाचं लेबल बांधलं. आपली ती खास पार्सलची गाठ मारून. एकदा मारली की सुटायची नाही, कापावीच लागायची.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"तंटा नको म्हणून."

तोवर तंटा नव्हताच. तो या लेबलांनी आणला.

त्या रात्री जेवताना मुंगीने विचारलं, "माझा कोबी आत्ता काय करतोय?" काका म्हणाले, "जेवत असेल. पाणी पितोय, माती खातोय." मुंगी विचारात पडली. मग तिने भाताचा एक घास घेतला. तो गालात ठेवला नाही. चावला. गिळला. दुसरा घेतला. सून हातातला चमचा तसाच धरून बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. कोबी जेवतो म्हणून मुंगी जेवते. कोबीला दुपारचं पाणी मिळायच्या वेळी मुंगी स्वतःहून पाटावर येऊन बसायची. काकूंनी कधी नव्हे ते देवाच्या आधी कोबीला हात जोडले.

इकडे मुलांनी आपापल्या घरी जाऊन सांगितलं, की माझा कोबी आहे आणि त्याला माझं नाव आहे. आईबापांनी ऐकलं आणि रविवारी पाहायला गेले. पाहिलं आणि शेजारच्या लेबलाकडे नजर गेली. तिथून बिनसलं.

"आमचा जरा मागे पडलाय," जुळ्यांचे वडील म्हणाले. त्यांना दुहेरी घोर. दोन मुलांचे दोन कोबी, एक जाडजूड, एक किडकिडीत. घरी एकाला जास्त वाढलं म्हणून दुसरा आठवडाभर रुसतो, मग हे कसं सांगणार? ते रोज ऑफिसला जाताना वाट वाकडी करून यायला लागले. दंतवैद्यबाई पट्टी घेऊन आल्या आणि पानं मोजून गेल्या. विमावाल्यांनी खताची पुडी आणली. कुणाला दिसू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळली होती, आणि म्हणूनच सगळ्यांना दिसली. एका बाईने आपल्या मुलीच्या रोपाला इतकं प्रेमाने पाणी घातलं की ते बुडून मेलं.

बसथांब्यावर माणसं एकमेकांना विचारायची, "तुमच्याकडे पानं वळायला लागली का?" एक आजी म्हणाल्या, "आमच्याकडे अजून नाही. त्याचे वडीलही उशिराच चालायला लागले होते."

ताईने काकांना बोलावणं धाडलं.

"तू मुलं आणणार म्हणालास. पोरं गुणी आहेत. एकानेही काही तुडवलं नाही, मीच चुकले. पण हे बाप्ये आणि बाया काय लावलंय? माझ्या मळ्यात रोज पालकसभा! काल एकजण मला विचारत होता, की इथे पहिल्या रांगेत जागा मिळेल का."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोलू नकोस. ती लेबलं काढ."

"ताई, लेबलं काढली तर कुणाचं काय ते कळणार कसं?"

ताईने कपाळावर हात मारला, पण धाकट्या भावाला लेबल काढायला लावणं म्हणजे त्याचा शर्ट काढायला लावणं, हे ती जाणून होती. राहू दे म्हणाली.

आता इथे एक अवघड गोष्ट सांगायला हवी. सगळ्यांचे कोबी वाढले. काहींचे जास्त, काहींचे कमी, पण वाढले. मुंगीचा वाढेना. त्याला अळी लागली होती. पानांना भोकं पडली आणि मधला गड्डा मुठीएवढा होऊन तिथेच अडला. काका पहाटेच्या पहिल्या बसने जायचे, चष्मा नाकावर सरकवून एकेक अळी वेचायचे. ताईने राख दिली, ती भुरभुरली. बाकीच्या पालकांना हसणारे काका स्वतः कोबीपुढे उकिडवे बसून म्हणायचे, "अरे, वाढ रे बाबा, तुझं जातंय काय?"

जायचं होतं ते मुंगीचं जेवण. तिच्या गालावर आत्ता कुठे मांस धरत होतं. कापणीच्या दिवशी सगळ्यांच्या हातात फुटबॉलएवढे गड्डे आणि हिच्या हातात हे भोकांचं लिंबू. पोर हिरमुसली आणि पुन्हा शीत गालात धरून हिंडायला लागली तर? हा विचार आला की काकांच्याच घशाखाली घास उतरायचा नाही.

कापणीच्या आदल्या संध्याकाळी काका मळ्यात गेले. मुलांच्या ओळीला लागूनच ताईची स्वतःची ओळ होती, विकायची. तिच्यात एक गड्डा असा होता की बघतच राहावं. काका वाकले. इकडे तिकडे पाहिलं. आपली गाठ त्यांनी खिशातल्या पात्याने कापली, मुंगीचं लेबल सोडवलं आणि त्या थोराड गड्ड्याशेजारी नवी काडी रोवून तिला बांधलं. सगळ्या नोकरीत एका वस्तूचं लेबल दुसऱ्या वस्तूला लावलं नव्हतं. मंत्र्याच्या आंब्यांची पेटी आणि विधवेची शिवणयंत्राची पेटी त्यांना सारखी होती. या वेळी गाठ वेडीवाकडी बसली.

तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं, की ओळीतल्या आणखी दोन-चार गाठीही त्यांच्या नाहीत. कुठे बुटाच्या नाडीसारखी फुलगाठ, कुठे नुसता पीळ. एरवी त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. पण त्या संध्याकाळी त्यांना दुसऱ्याच्या गाठींकडे बघायचं तोंड नव्हतं. कोंबडीने ओढलं असेल, म्हणाले, आणि निघाले.

"काय करत होतास रे?" ताई दारातून म्हणाली.

"लेबल घट्ट करत होतो."

"बरं," ताई म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सगळा गोतावळा मळ्यात. मुलं, आईबाप, आज्या, बाई आणि वही घेऊन शिशुवर्ग कचेरीचा साहेब. पालक आधीच आपापल्या लेबलाशेजारी जाऊन उभे राहिले होते. जुळ्यांच्या वडिलांच्या दोन बाजूंना दोन सारखेच गड्डे, म्हणून त्यांचा चेहरा उजळलेला. दंतवैद्यबाई एका मोठ्या गड्ड्यापाशी कॅमेरा घेऊन तयार. काका त्या थोराड गड्ड्यापाशी उभे, पण नजर जमिनीत.

बाईंनी टाळी वाजवली. "मुलांनो, जा, आपापला कोबी शोधा!"

मुलं पळाली.

दंतवैद्यबाईंची लेक आईच्या समोरून सरळ पुढे गेली आणि ओळीच्या टोकाच्या एका चपट्या गड्ड्यावर हात ठेवून बसली. आई ज्याच्याशेजारी कॅमेरा धरून उभी होती, त्याला विमावाल्यांच्या नातवाने मिठी मारली. विमावाले तिकडे लांब, भलत्याच गड्ड्यापाशी हाका मारताहेत, "अरे इकडे, इकडे, आपला इकडे!" आणि त्यांच्या त्या गड्ड्यावर जुळ्यांतला एक येऊन बसला. दुसरा जुळा ज्या किडकिडीत गड्ड्याकडे धावला, त्याला कुणा तिसऱ्याच मुलाचं लेबल.

मुलांना वाचता येत नव्हतं. ही साधी गोष्ट कुणाच्या म्हणून कुणाच्या ध्यानात आली नव्हती. लेबल बांधणाऱ्याच्या नाही आणि बदलणाऱ्यांच्या तर नाहीच.

"अगं, तुझा हा नाही, तो मोठा आहे," दंतवैद्यबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "नाव लिहिलंय बघ."

"हाच माझा," लेक म्हणाली. "याच्याजवळ मी चिखलात बसले होते."

"आणि हा माझा," विमावाल्यांचा नातू म्हणाला. "याला मी गुपित सांगितलंय." कुठलं ते त्याने सांगितलं नाही.

जिचं रोप बुडून मेलं होतं त्या मुलीच्या जागी बाईंनी गुपचूप दुसरं रोप लावलं होतं. ती पोर त्याच्यापाशी शांत उभी होती. बाई तिच्याजवळ गेल्या तेव्हा म्हणाली, "माझा मेला. हा त्याचा भाऊ आहे." बाईंनी चष्मा पुसायला काढला.

आणि मुंगी? मुंगी आजोबांपाशी आली. थोराड गड्ड्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आजोबांच्या पायाला वळसा घालून ती त्या मुठीएवढ्या, भोकाभोकांच्या कोबीपाशी गेली आणि त्याच्यासमोर तशीच उकिडवी बसली, जसे आजोबा बसायचे.

"मुंगे," काकांना राहवलं नाही, "तो... तुझं लेबल इथे आहे."

"ते तुम्ही चुकून लावलंत," मुंगी म्हणाली. "माझ्याला भोकं आहेत. त्यातून पलीकडचं दिसतं." आणि एक पान उचलून तिने डोळ्याला लावलं.

काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. एकमेकांना बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण प्रत्येकाच्या पायाशी परक्याचा कोबी होता. शेवटी जुळ्यांचे वडील म्हणाले, "मी फक्त बरोबरी साधत होतो." विमावाले म्हणाले, "मी जोखीम वाटून घेत होतो." दंतवैद्यबाई कॅमेऱ्याचं झाकण लावत राहिल्या, लागलेलं पुन्हा काढून पुन्हा लावत राहिल्या.

"मीही बदललं," काका म्हणाले. "मी तर लेबल बांधणाराच. माझं नाव पहिलं धरा."

तेव्हा ताई हसायला लागली. ताईला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. आधी कमरेवर हात ठेवून, मग पोट धरून, मग चक्क बांधावर बसून. कोंबडी घाबरून लांब गेली. "अरे, एवढी शिकलेली माणसं," तिला नीट बोलता येईना, "आणि रात्री अपरात्री माझ्या मळ्यात... मला वाटायचं, चोर येतात! मी काठी उशाशी घेऊन झोपायचे!"

साहेबाने वही उघडली. "एक मिनिट. कुठला कोबी नक्की कुणाचा? मला तसं नमूद करावं लागेल."

"पोरांना विचारा," ताई म्हणाली आणि त्याच्या हातात विळा दिला. "आणि ती वही ठेवा. कापायला हात कमी आहेत."

साहेबाने वही कोंबडीच्या खुराड्यावर ठेवली. पुढे सगळी दुपार तो कापत होता, आणि चांगलं कापत होता.

ताईने अंगणात मोठं पातेलं चढवलं. मुलं एकेक गड्डा आणून द्यायची, पालक चिरायचे, सगळं एकाच पातेल्यात. आपला तेवढा वेगळा शिजवाल का, असं विचारायची कुणाला हिंमत झाली नाही. काका एका दगडावर बसून लेबलं काढत होते. एकेक गाठ पात्याने कापून.

मुंगी मात्र कोबी देईना. पोटाशी धरून उभी.

सुनेचा जीव खालीवर. काका उठून जवळ गेले. आता हिने नाही म्हटलं की मागचे सगळे दिवस पाण्यात. 'आजोबाच पाठवतात' एवढीच समजूत असती तर हिला कोबीची माया लागली नसती, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"याला दुखेल?" मुंगीने ताईला विचारलं.

ताई तिच्यापुढे खाली बसली. "मला माहीत नाही गं. इतकी वर्षं कापतेय, कधी विचारलं नाही."

"नाही कापला तर?"

"तर पिवळा पडेल, मग काळा पडेल, मग मातीत जाईल. तेही वाईट नाही. तुझा आहे. तू सांगशील तसं."

मुंगीने बराच विचार केला. कुणी घाई केली नाही. साहेबसुद्धा विळा थांबवून उभा होता.

"तो इतके दिवस जेवला," मुंगी म्हणाली. "आता मी जेवते." आणि कोबी ताईच्या हातात दिला. मग जरा थांबून कोबीला म्हणाली, "थँक्यू हं."

त्यावर बाकीच्या मुलांना आपलं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. सगळी पातेल्याभोवती गोळा झाली आणि आत बघून थँक्यू, थँक्यू म्हणायला लागली. एकाने कोंबडीलाही म्हटलं. मग विमावाल्यांच्या नातवाने वळून काकांना म्हटलं, "आजोबा, थँक्यू. तुम्ही नाही पाठवत, पण थँक्यू."

ती भाजी नुसती मिठात शिजवलेली, खाली थोडी लागलेली. मुंगीने पहिला घास घेतला, चावला, गिळला आणि ताट पुढे केलं. "अजून." सून वाढता वाढता रडायला लागली आणि वाढलेलं ताटाबाहेर गेलं. दंतवैद्यबाईंनी आपण होऊन पुसलं. त्या दिवशी जेवताना कुणीच पालेभाजी नको म्हटलं नाही, मोठ्यांनीसुद्धा.

निघताना ताईने तो थोराड गड्डा कापून काकांच्या पिशवीत घातला.

"माझ्या गड्ड्याला तुझ्या नातीचं नाव लावलंस. निदान विचारायचंस."

"दिला असतास?"

"नसता."

"मग?"

"मग काय? आता घेऊन जा. आणि ऐक." ताईने पिशवीचे बंद त्यांच्या हातात दिले, पण लगेच सोडले नाहीत. "पुढच्या वर्षी नवा वर्ग असेल ना? त्यांना आण. लेबलं नको. पोरं आण."

बसमध्ये मुंगी काकांच्या मांडीवर झोपली. अंगाला मातीचा आणि भाजीचा वास येत होता आणि ती चांगलीच जड लागत होती. काकांच्या पायाला मुंग्या आल्या, पण त्यांनी तिला हलवलं नाही. खिडकीबाहेर बघत, कुणाचे म्हणून आभार मानावेत याचा ते विचार करत होते. एक नाव घेतलं की दुसरं राहायचं, आणि शेवटी उतरायचा थांबा मागे पडला. दोघं पुढच्या थांब्यावरून चालत घरी आले.

पुढच्या वर्षी नवा वर्ग गेला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी नवा. कचेरीचा साहेब दर कापणीला पाहणीला यायचा आणि येताना घरचा विळा आणायचा. ताई थंडी सुरू झाली की भावाला विचारायची, "कधी आणतोस?"

मुंगी चौथीत होती त्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाला, रोपं लावून झाल्यानंतरच्या आठवड्यात, ताई सकाळी झोपेतच वारली. त्या वर्षीचे कोबी मुलांनी, बाईंनी आणि पार्सलकाकांनी वाढवले.